नवसाबाईचं ओलं मोरचेल

मखमलाबादच्या नवसाबाईची शेवंती नाशिकच्या फुलबाजारात सगळ्यात आधी उचलली जायची. तिच्याकडून नेहमी फुलं घेणारे लोक एक गोष्ट मात्र पाळायचे. तिच्यासमोर मोरपिसाचं नाव काढायचं नाही. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी शेजारच्या बाया पिसांच्या जुड्या घेऊन बसल्या, की नवसाबाई आपली पाटी उचलून चार हात लांब जाऊन बसायची. नव्या गिऱ्हाइकानं विचारलंच, "मावशी, तुम्ही नाय ठेवत का पिसं?", तर धोंडाबाई नावाची म्हातारी, जी तिच्या शेजारी वीस वर्षं मोगरा विकत होती, ती परस्पर सांगायची, "तिला सर्दी व्हती पिसांनी. तू फुलं घे अन् वाट धर."

सर्दीबिर्दी काही नव्हती. नवसाबाईच्या हातासारखं मोरचेल बांधणारा हात अख्ख्या दिंडोरी तालुक्यात नव्हता. शेवंतीच्या जुड्या बांधताना आजही तिची बोटं तिसऱ्या फेऱ्याला गाठ मारायची. फुलाला दोन फेरे पुरतात. तिसरा फेरा पिसाचा.

वणीच्या रस्त्यानं जाताना उजव्या अंगाला एक फाटा फुटतो. आत शिरसमाळ. तिथली देवी डोंगरजाई. तिच्या पालखीवर ढाळायचं मोरचेल बांधायचा मान नवसाबाईच्या माहेरच्या घराला. तिची आई भिमाबाई बांधायची, तिच्या आधी भिमाबाईची सासू. भिमाबाईला मुलगा नव्हता, म्हणून मान लेकीकडं आला आणि लेकीच्या लग्नानंतर तिच्याबरोबर मखमलाबादला गेला. एकशे एक पिसं, पळसाच्या लाकडाची मूठ, तांबडं सूत. पिसं यायची नामपूरकडून. तिकडं काळू म्हणून एक गुरं राखणारा होता. पावसाळा सरताना मोर पिसारा गाळतात, तो डोंगराच्या कडेनं वेचून ठेवायचा आणि दिवाळीनंतर एस.टी.च्या टपावर टाकून आणायचा. एक पीस मोडलेलं नसायचं.

चैत्रात यात्रा. पालखी निघायच्या आधी देवीच्या सगळ्या वस्तू देवळामागच्या कुंडात न्हायच्या. घंटा, छत्रीचा कळस, तलवार. मोरचेलाची मात्र नुसती मूठ पाण्यात बुडवायची. वरच्या पिसांना थेंब लागू द्यायचा नाही. भिमाबाई म्हणायची, "मूठ न्हाऊ दे, डोळे ओले करायचे नाय." का, ते तिलाही माहीत नव्हतं. तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. एवढं पुरे होतं.

पुरे होतं ते त्र्याण्णव सालापर्यंत.

त्या वर्षी नाथाशेठ देवळाचा पंच झाला. मूळचा शिरसमाळचाच, गावाला नुसता नाथा. पंचवटीत पूजेच्या सामानाचं दुकान टाकलं आणि शेठ झाला. पांढरा सफारी, कपाळाला गंध, बोलणं असं तेलकट की ऐकणाऱ्यानं नंतर हात धुवावेत. त्याला एकच गोष्ट हवी होती. दुकानाच्या पाटीवर लिहायला, 'डोंगरजाई देवीच्या मोरचेलाचे मानकरी'.

यात्रेच्या सकाळी कुंडावर गाव जमलेलं. नवसाबाईनं मूठ बुडवायला मोरचेल पुढं केलं, तर नाथाशेठनं ते हातातून घेतलं.

"का हो मावशी," तो भिमाबाईला म्हणाला, "देवीची तलवार आख्खी न्हाती, घंटा आख्खी न्हाती. मग मोरचेलाचे नुसते पायच का धुवायचे? त्याला काय थंडी वाजती?"

लोक हसले.

भिमाबाई घाईनं पुढं आली. "नाथा, डोळे ओले करू नको बाबा. करायचे नाय ते."

"का पण?"

"का ते मला ठाऊक नाय. थांब. नको करू."

"का ते मला ठाऊक हाय," नाथाशेठ म्हणाला आणि त्यानं मोरचेल उलटं करून पाण्यात घातलं. पुरं, मुठीपर्यंत. दाबून धरलं, घोळलं आणि वर काढलं.

वर आलं ते मोरचेल नव्हतंच. निळं गेलं, हिरवं गेलं, सोनेरी गेलं. पावसात भिजलेल्या बकरीच्या शेपटीसारखं काळपट तपकिरी काहीतरी त्याच्या हातात लोंबत होतं.

"रंग गेला पाण्यात," नाथाशेठ शांतपणे म्हणाला. "म्हणून म्हातारी नको नको म्हणत व्हती. रंगवलेली पिसं देवीवर ढाळीत व्हत्या मायलेकी. किती वर्षं, ते देवीलाच ठाऊक."

भिमाबाई 'थांब' म्हणाली होती, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. तेच तिच्या अंगावर उलटलं. नाथाशेठनं ते ओलं मोरचेल उचलून देवळापुढच्या धुनीत टाकलं. पीस जळताना केस जळल्यासारखा वास येतो. तो वास नवसाबाईच्या नाकातून पुढं कधी गेला नाही.

मोरचेलाचा मान गेला नाथाशेठकडं, आणि त्या दिवसापासून गावानं तिचं नाव ठेवलं रंगारीण.

खरी गोम पुढं आहे. नवसाबाईलाही तेच वाटलं. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी रंग गेलेला पाहिला होता. आपण रंगवली नाहीत, हे तिला माहीत होतं. म्हणजे काळूनं रंगवून दिली. यात्रेनंतर तिसऱ्या दिवशी ती नामपूरच्या बाजारात गेली आणि भर कांद्याच्या गाड्यांमध्ये त्याला जाब विचारला. काळू गरीब माणूस. काही सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण तिनं बोलू दिलं नाही. तिनं त्याला रंगारी म्हटलं, चोर म्हटलं, आणि पाठ फिरवली. त्यानंतर त्याची पिसं नाशिक जिल्ह्यात कुणी घेतली नाहीत.

घरी नवरा सावळीराम. अंबडला कारखान्यात लेथवर होता, माणूस वाईट नव्हता. पण त्या रात्री जेवता जेवता त्यानं हळूच विचारलं, "नक्की तू काही लावलं नव्हतं ना गं? चकाकी यावी म्हणून?" नवसाबाईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. ते विचारणंही ती विसरली नाही.

भिमाबाई दोन वर्षं जगली. शिरसमाळची रीत होती, मानकऱ्याच्या घरी कुणी वारलं की देवळातून कुंकू आणि मोरचेलाचं एक पीस यायचं, ते तिरडीवर ठेवायचं. पंचाण्णव सालच्या श्रावणात भिमाबाई गेली. माहेरच्या अंगणात तिरडी बांधून झाली, माणसं उन्हात ताटकळली. नवसाबाई देवळाच्या वाटेकडं बघत उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "आता येतंय थोडंच." मग उचलली.

तिथून नवसाबाईच्या मनात जे बसलं ते बसलं. पण ते कुणावर काढायचं ते तिला कळत नव्हतं. काळूवर, नाथावर, स्वतःवर, की आईवर, जिनं का ते कधी सांगितलं नाही. माणसाला सूड घ्यायचा असेल तर आधी खात्री लागते. तिच्याकडं खात्री नव्हती. तिनं पिसं बांधणं सोडलं. घरात एकच पीस उरलं होतं, भिमाबाईच्या फोटोमागं खोचलेलं.

दोन हजार चारच्या जानेवारीत ते पीस जागेवरनं हललं.

लेक छाया बी.एस्सी.ला होती. तिनं प्रॅक्टिकलसाठी न विचारता ते पीस कॉलेजात नेलं. दुपारी परत आली तेव्हा नवसाबाई वाफ्यात वाकून शेवंती खुडत होती. छाया बांधावरूनच बोलायला लागली.

"आई, आज्जीचं पीस मी नेलं होतं. ओरडू नकोस. आधी ऐक. मॅडमनी मायक्रोस्कोपखाली त्याच्यावर स्पिरिटचा थेंब टाकला, आणि सगळा रंग गेला. पार तपकिरी झालं."

नवसाबाईचा हात थांबला. "म्हंजी तेबी रंगवलेलंच."

"अगं नाही. स्पिरिट उडून गेलं आणि रंग परत आला. जसाच्या तसा. हे बघ." तिनं वहीतून पीस काढलं. डोळा निळाच्या निळा.

नवसाबाईनं पीस हातात घेतलं नाही. तिनं फक्त विचारलं, "किती वेळ लागला परत यायला?"

"दोनेक मिनिटं."

"अन् पाण्यानं भिजवलं तर?"

"पाण्याला जास्त लागतील. उन्हात धरलं तर अर्धा तास."

"अर्धा तास," नवसाबाई म्हणाली आणि वाफ्यातच बसली. "अर्धा तास कुणी थांबलं नाय."

मग छायानं तिला समजावलं. मॅडमनी फळ्यावर काढलेलं तिला जसंच्या तसं सांगता येईना, म्हणून ती आपल्या पद्धतीनं सांगत गेली. मोराच्या पिसात निळा रंग नसतोच. हिरवाही नसतो. आत असते ती तपकिरी भुकटी, आपल्या केसात असते तसली. पण ती भुकटी अशी तशी पडलेली नसते. तिच्या बारीक काड्या ओळीनं रचलेल्या असतात, मध्ये हवेच्या जागा सोडून. उजेड आत शिरतो, प्रत्येक ओळीवरून थोडा थोडा मागं फिरतो. मागं फिरताना निळ्या उजेडाची पावलं एकमेकांशी जुळतात म्हणून तो जोरात बाहेर येतो, बाकीच्यांची जुळत नाहीत. ओळीतलं अंतर बदललं की हिरवा जुळतो, आणखी बदललं की सोनेरी. पाणी शिरलं की हवेच्या जागा भरतात. मग कुणाचंच पाऊल जुळत नाही आणि उरते ती नुसती तपकिरी भुकटी.

"ओल्या रस्त्यावर रॉकेल सांडलं की रंग दिसतात ना, त्याच जातीतलं आहे हे. रॉकेलला कुठं रंग असतो?"

नवसाबाई समोरच्या द्राक्षबागेकडं बघत होती. "रस्त्यानं चालताना एका जागी सगळ्या वेलींच्या ओळी सरळ दिसत्यात," ती म्हणाली. "पार पलीकडचं दिसतं. दोन पावलं पुढं गेलं की नुसता पाला. बाग तीच."

"तसंच समज."

"अन् बागेत पूर आला तर ओळ कसली."

छाया हसली. नवसाबाई हसली नाही. ती बोटांवर काहीतरी मोजत होती, तसं करत ती बरंच काही जुळवायची.

"छाये, त्या दिवशी कुंडाचं पाणी कुणी बघितलंच नाय. रंग गेला म्हणत्यात. गेला तर पाण्यात जाईल का आभाळात? पाणी तसंच्या तसं व्हतं. मी बघत व्हते, मलाबी सुचलं नाय." मग थोडं थांबून, "अन् नाथाचं मोरचेल? दर वरसाला तो सगळ्यांम्होरं आख्खं बुडवतोय. लोक सांगत्यात, निळं घातलं निळं काढलं. त्याचं कसं काळं पडत नाय?"

छायानं आईकडं बघितलं. "मग ती रंगवलेली आहेत, आई. पक्क्या रंगात बुडवलेली. खरं पीस त्या पाण्यात पास होणारच नाही. खोटंच पास होणार."

"अन् हे त्याला ठाऊक हाय."

"ते कसं सांगणार?"

"त्यानं पहिल्या वरसाला खरी पिसं आणली असणार, घरी बुडवून बघितली असणार. तो काय माझ्यासारखा बावळट नाय," नवसाबाई म्हणाली. तिनं खुडलेली शेवंती पाटीत टाकली. अकरा वर्षांनी तिच्या रागाला पक्कं गिऱ्हाईक सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी फुलं विकून ती पंचवटीत गेली. दुकानावर पाटी होती, हवी होती तीच, वर दिव्यांची माळ. नाथाशेठचं पोट वाढलं होतं, केस काळे केले होते. त्यानं तिला ओळखलं आणि गालात हसला.

"या नवसाबाई. पार वाट चुकलात. काय देऊ? रंग तर आम्ही ठेवत नाय."

"देवीला बोललेय," ती म्हणाली. "पोरीचं शिक्षण पुरं व्हऊ दे, मोरचेल वाहीन. तुमच्याकडचं पक्कं असतं म्हणत्यात."

"पक्कं म्हणजे? बघा की." त्यानं स्वतः एक पीस काढलं, तांब्यात बुडवलं, झटकून तिच्यापुढं धरलं. पाणी गळत होतं, डोळा निळा होता. "अशी असतात देवाची पिसं. शिकून घ्या आता तरी."

"शिकतेय की," नवसाबाई म्हणाली. तेच ओलं पीस तिनं विकत घेतलं. गोदेच्या काठाला आली आणि ते सूर्यासमोर धरलं. निळ्या बाटलीतून ऊन दिसावं तसं निळं आरपार दिसत होतं. मग तिनं पदरातून आईचं पीस काढून त्याच्या बाजूला धरलं. उजेड मागं गेला तसा त्याचा सगळा निळा रंग मावळला, राहिली तपकिरी जाळी. पुन्हा उजेडाकडं पाठ केली, तर आईचं पीस पेटून उठलं. दोन्ही पिसं तिनं पोलक्यात ठेवली, एकमेकांना लागणार नाहीत अशी.

आता पिसं हवी होती, एकशे एक. ती एकाच माणसाकडं मिळणार होती.

काळूचं घर नामपूरच्या पलीकडं, नाल्याच्या काठाला. तो ओट्यावर दोरी वळत बसला होता. नवसाबाईनं पायातल्या चपला काढल्या आणि सगळं सांगितलं, कॉलेज, स्पिरिट, ओळी, अर्धा तास. काळूनं दोरी वळणं थांबवलं नाही.

"माले काय सांगस?" तो आपल्या अहिराणीत म्हणाला. "ओलं पीस काळं पडस अन् सुकनं की निळं व्हस. हाई तं आमना पोरेसले बी माहीत शे. पावसामा मोर देखा नही का कधी?"

नवसाबाईनं विचारलं, "मंग तवा बोलला का नाय, काळूभाऊ?"

"तू बोलू देनी का?"

मग काळू आत गेला आणि गोणपाटात गुंडाळलेली जुडी घेऊन आला. अकरा वर्षं त्यानं वेचणं सोडलं नव्हतं. कुणी घेत नव्हतं तरी वेचत होता.

"पैसा नको माले. चार मानसंमा तू माले रंगारी म्हणनी व्हतीस. जठे तुनी इज्जत गयी, तठे सांग. आधी मनं, मंग तुनं."

"आधी तुझं," नवसाबाई म्हणाली.

चैत्रातली यात्रा. ऊन असं, की कुंडाच्या पायऱ्या अनवाणी पायाला चटके देत होत्या. नवसाबाई मोरचेल घेऊन आली तशी गर्दीतून कुजबुज फिरली. रंगारीण आली. सरपंच विमलाबाई होत्या, नव्या निवडून आलेल्या, भिमाबाईला लहानपणापासून ओळखणाऱ्या. त्यांनी विचारलं, "काय गं, नवस का?"

"नवसच. पण आधी एक सांगायचंय." नवसाबाईनं मागं बघितलं. काळू वडाच्या पारापाशी उभा होता, डोक्याला मुंडासं, कुणाकडं न बघता. "हा काळूभाऊ नामपूरचा. याला मी अकरा वरसांमागं चोर म्हणाले, रंगारी म्हणाले. तो नव्हता. माझं चुकलं. हे मी देवीम्होरं सांगते."

लोकांना नेमकं काय चाललंय ते कळेना. नाथाशेठला कळल्यासारखं वाटलं. तो हसत पुढं आला.

"बरं झालं कबूल केलं. म्हंजी रंगारी तूच व्हतीस. आण इकडं ते, न्हाऊ घालू. सगळ्यांना बघू दे, यंदा कुठल्या दुकानातला रंग आणलाय."

नवसाबाईनं मोरचेल मुकाट्यानं त्याच्या हातात दिलं. तिला ते त्याच्याच हातात हवं होतं. त्यानं बुडवलं, घोळलं, वर काढलं. काळं. गर्दी हसली. कुणी शिट्टी मारली. नाथाशेठ धुनीकडं वळला.

"नाथाशेठ, थांबा," नवसाबाई म्हणाली. ती पायरीवर बसली होती. "मागं तुम्ही जाळलंत, मी बोलले नाय. आज नवसाचं हाय. पालखीवरनं ढाळल्याशिवाय धुनीत टाकता येत नाय. हातात धरा तसंच. सुकू द्या."

"अन् पालखी?"

"अर्धा तास थांबल."

विमलाबाईंनी लोकांकडं बघितलं. एक म्हातारा म्हणाला, "थांबल की. आपली पालखी कधी येळेवर निघालीय?" पुन्हा हशा. विमलाबाई म्हणाल्या, "धरा नाथाशेठ. नवसाचं हाय. काळं तर काळं, सुकल्यावर कळंल."

नाथाशेठ मोरचेल धरून उभा राहिला. पहिली पाच मिनिटं तो लोकांशी थट्टा करत होता. मग त्यानं घाम पुसला. मग एक पाऊल मागं सरला. मग आणखी एक. वडाची सावली तिथून सात पावलांवर होती. तो बोलत बोलत सरकत होता आणि हातातलं मोरचेल अंगामागं घेत होता.

नवसाबाई उठली नाही. ती तिथूनच म्हणाली, आणि तिचा आवाज फुलबाजारात असतो तेवढाच होता.

"सावलीत कशाला निघालात, नाथाशेठ?"

"ऊन लय हाय."

"तुम्हाला हाय का मोरचेलाला?"

तो थांबला. सगळ्यांच्या नजरा त्याच्या पायांवर गेल्या. एक पाय सावलीत होता, एक उन्हात.

"ज्याला वाटतं रंग पाण्यात गेला," नवसाबाई म्हणाली, "त्याला ऊन काय अन् सावली काय. गेलेला रंग उन्हात थोडाच परत येणार हाय? या की म्होरं."

विमलाबाई पुढं झाल्या, त्यांनी त्याचा दंड धरला आणि त्याला उन्हात आणून उभं केलं. कुणी हसलं नाही.

आधी पिसांच्या कडा सुटल्या. चिकटलेले केस एकेक मोकळे झाले. मग कडेला तांब्याचा रंग आला, इतका हलका की ऊन पडलंय असं वाटावं. मग हिरवा. मध्यभागी डोळे काळेच होते. लोक जवळ सरकले. कुणीतरी लहान लेकराला खांद्यावर घेतलं. वारा आला, मोरचेल एकदा हललं, आणि एका डोळ्यात निळं दिसलं. मग दुसऱ्या. मग मोजता येईनात. एकशे एक डोळे नाथाशेठच्या हातात उघडे होते.

नवसाबाईनं पोलक्यातून त्याच्या दुकानातलं पीस काढलं आणि विमलाबाईंना दिलं. "हे यांच्याकडचं. सूर्यासमोर धरा. मंग माझं धरा."

विमलाबाईंनी धरलं. दुकानातलं आरपार निळं. नवसाबाईचं मातीच्या रंगाचं. मग पालखीवरचं, नाथाशेठनं त्या वर्षी दिलेलं मोरचेल आणलं. तेही आरपार निळं.

"मला माल देणाऱ्यानं फसवलं," नाथाशेठ म्हणाला.

त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. सगळे अजून सावलीच्या कडेच्या त्या जागेकडं बघत होते, जिथून विमलाबाईंनी त्याला ओढून आणलं होतं.

पंच बसले. मान परत द्यायचा ठरला. नाथाशेठनं पाया पडून माफी मागायची ठरली. तो वाकायलाही लागला. नवसाबाईनं पाय मागं घेतले.

"माफी नको."

"मग गं?" विमलाबाईंनी विचारलं. "भिमामावशीचं पीस राह्यलंय देवळाकडनं, ते पाठवू. वाजतगाजत पाठवू."

"आता कुठं ठेवू ते?" नवसाबाई म्हणाली.

"माझं एकच म्हणणं हाय," ती पंचांना म्हणाली. "आख्खं मोरचेल न्हाऊ घालायची रीत यांनीच लावली. ती मोडू नका. दर वरसाला माझं मोरचेल आख्खं न्हाऊ द्या. अन् ते सुकेपर्यंत नाथाशेठनी उन्हात धरून उभं राह्यचं. पालखी मंग निघंल."

पंचांना ते फार वाटलं नाही. अर्धा तास तर उभं राहायचं. त्यांनी लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी यात्रेला गर्दी वाढली. लोक पालखीच्या आधी कुंडावर जागा धरायचे. नवस बोलणारे म्हणू लागले, रंग येताना बघितला की पुण्य लागतं. पाटीवरची ओळ नाथाशेठनं पुसली होती, पण पंचवटीत कुणीही विचारायचं, "काय शेठ, यंदा किती वेळ लागला?" त्यानं एकदा यायचं टाळलं, तर विमलाबाईंनी जीप पाठवली. सावळीराम निवृत्त झाला होता, तोही आता यात्रेला यायचा. नवसाबाईनं त्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं, सुकताना नीट दिसावं म्हणून. तो काय समजायचं ते समजला होता.

दोन हजार नऊ साली नाथाशेठला साखरेचा आजार लागला होता, पायांना सूज होती. छाया तोवर दिंडोरीला शिक्षिका झाली होती. ती आईच्या कानाशी म्हणाली, "आई, आता पुरे. माणूस पडेल."

"पडला तर उचलू."

त्या वर्षी नेमकं चैत्रात आभाळ आलं. पाऊस नाही, नुसतं दाटून आलेलं. मोरचेल पाण्यातून काढलं, काळं, आणि ते काळंच राहिलं. अर्धा तास झाला, तास झाला. पालखीचे भोई खांदे बदलून कंटाळले. पिसांचं पाणी नाथाशेठच्या बाहीतून कोपरापर्यंत आलं होतं. पारावर काळू विडी ओढत बसला होता. तो दर वर्षी यायचा आणि कुणाशी बोलायचा नाही.

विमलाबाई आता सरपंच नव्हत्या, तरी त्यांनीच येऊन विचारलं, "नवसाबाई, ऊन काय पडायचं नाय आज. सोडायचं का?"

नवसाबाईनं आभाळाकडं बघितलं. मग तिनं पायरीवर पदर झटकला, टोपलीतून शेवंतीची फुलं काढली आणि मांडीवर घेऊन गुंफायला बसली. तीन फेरे, गाठ.

नाथाशेठ पहिल्यांदाच स्वतःहून बोलला. "नवसाबाई, झालं का गं?"

तिनं मान वर करून बघितलं, निवांत, माल पारखावा तसं.

"डोळा अजून काळा हाय," ती म्हणाली, आणि पुढचं फूल उचललं.